साहेबांची पाठ

“निशाला तुम्ही मारलंय, साहेब.”

सूरज रस्ते खात्याच्या साहेबांच्या टेबलापुढं उभा राहून बोलला. आवाज चढवला नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“कोण निशा?”

“माझी बायको. गेल्या पावसाळ्यात बाळंतपणाला झोळीतनं खाली आणताना गेली. मलकापूरच्या वर आमची वस्ती. रस्ता न्हाय.”

“नकाशात तर रस्ता आहे.”

“नकाशावरनं झोळी न्हेताय काय?”

साहेब रागावले नाहीत, हेच नवल. म्हणाले, “मी स्वतः बघेन. नसला रस्ता तर पावसाआधी काम लावतो. पण माझ्या पाठीचं ऑपरेशन झालंय. चालणं जमत नाही, आणि धक्के बसले तर अर्ध्यातनं परत फिरेन.”

आधीचे दोन साहेब असेच ओढ्यातनं माघारी गेले होते. सूरजनं तिथंच ठरवलं, ह्याला वर पोचवायचाच.

तो कोल्हापुरात अरिहंतशेठच्या गॅरेजात गाड्या बांधायचा. शेठला डोंगरात जीप पळवायचा नाद. नवी जीप बांधायला काढली होतीच. सूरजनं जुने पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा, काढून टाकले. मागचा-पुढचा अॅक्सल चार-चार लोखंडी दांड्यांनी, म्हणजे लिंकांनी, चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जोडला. वर कॉइल स्प्रिंगा. चाक कितीही वरखाली होवो, वरचा माणूस हलता कामा नये.

खडीच्या खाणीत तो मागच्या सीटवर काठोकाठ भरलेली घागर ठेवून जीप चढवायचा. चढाला मागची चाकं उड्या मारायला लागली, घागर सांडली. वरच्या लिंकांची चासीकडची टोकं एक भोक वर घेतली. परत सांडली. धक्के झेलणारे शॉकर ढिले केले.

“कुणासाठी रं एवढं?” अरिहंतशेठ हसले. “नवरी आणायचीय व्हय घागरीतनं?”

सूरजनं नुसतं वर बघितलं. शेठनी हसू आवरलं.

“एक दिवस न्हे जीप,” ते हळूच म्हणाले. “पर दुसऱ्या दिवशी परत पायजे. शर्यत हाय.”

सूरजचा थोरला भाऊ कृष्णात वस्तीवरनं आला, तो वेगळंच बोलला. “लिंकेचा एक बोल्ट ढिला सोड. जाऊ दे दरीत त्या साहेबाला.”

“आणि मग रस्ता कोण देणार? तुझी बायको सोनल पोटुशी हाय न्हवं? त्याला वर पोचू दे. डोळ्यानं बघू दे.”

शेवटी घागरीतनं थेंब सांडला नाही.

साहेब ठरल्या दिवशी आले. पाठीला पट्टा बांधून पुढं बसले. ओढ्यात चाकं धोंड्यावर चढली, खड्ड्यात उतरली, गाडी वाकडी झाली न झाली. साहेबांनी आधाराला धरलेली दांडी सोडून दिली. सूरजला बरं वाटलं. आता हा परत फिरत नाही.

निशानं जिथं डोळे मिटले ते वळण आलं. मोठा धोंडा, खाली दरी. झोळी तिथंच टेकवली होती. “बघा साहेब,” म्हणत त्यानं मान वळवली.

साहेब गाढ झोपले होते.

उठवायचं त्याच्या जिवावर आलं. म्हटलं, वर नेऊन उठवू, येताना दावू.

वस्तीवर सगळी माणसं उभी होती. म्हातारी बायडाबाई चहाचा कप धरून पुढं आली. साहेब डोळे चोळत उतरले. कंबर दोन्हीकडं फिरवून बघितली. मग मोबाइल काढला, घरांपुढं उभ्या जीपचा फोटो घेतला आणि मनापासून हसले.

“चार वर्षांत पहिल्यांदा गाडीत झोप लागली मला. अहो, ज्याच्यावरनं येताना माझ्या ह्या पाठीला हिसका बसला नाही, तो रस्ता नाही कसा म्हणू? नकाशा बरोबरच आहे. नव्या रस्त्याची गरज नाही, असंच लिहितो.”

सूरजचा हात जीपच्या बॉनेटवर तसाच राहिला.

सोनल पोटावर हात ठेवून गर्दीतनं पुढं आली.

“ही जीप उद्या जाणार. मग माझं पोट दुखाय लागल्यावर मी कशातनं जाऊ? बोला की साहेब!”