डिस्क पास, काका नापास

"काका, तू मेलेल्या डिस्का जिवंत म्हणून विकतोस का?"

पैज मैत्रिणींनी लावली होती. विचारून दाखव, नाहीतर ठिणगी हे नाव सोड. त्या सगळ्या दुकानाच्या पायरीवर एकमेकींना ढकलत उभ्या होत्या, आणि ठिणगीने दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारूनही टाकलं.

काकाने स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. "कोण म्हणतं?"

"ही म्हणते!" ठिणगीने भिंगरीला पुढे ओढलं. "तुझ्याकडून डिस्क नेली होती हिने. सगळं प्रोजेक्ट गेलं तिचं, वर्षभराचं!"

भिंगरीने दप्तर धप्पकन फरशीवर टाकलं आणि नाक ओढलं. तिचं ते नेहमीचंच. जिन्यातसुद्धा ती आधी दप्तर भिरकावायची आणि मग स्वतः उतरायची.

"तपासल्याशिवाय एकही डिस्क मी हातातून सोडत नाही," काका गरजला. "पळा इथून, टवाळ कार्ट्यांनो!"

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. दुकान दोघांचं. बाबा गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकांना बोलण्यात गुंगवत. वापरलेल्या हार्ड डिस्का तपासून त्यांवर हिरवा 'पास'चा स्टिकर लावणं हे काकाचं काम. स्वतःला तो डिस्कांचा सर्जन म्हणवून घेई आणि कुणी शंका काढली की अंगावर धावून जाई. ठिणगी लहान होती तेव्हा तो एखादी मरायला टेकलेली डिस्क तिच्या कानाशी धरायचा. भिंतीत कुणी खिळा ठोकावा तसा आतून आवाज यायचा. "ऐक, ही निरोप घेतेय," तो म्हणायचा. तेव्हा तो तिला जादूगारच वाटायचा.

आता मुळीच वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट दुकानात गेली. काका जेवायला गेला होता. ती त्याच्या खुर्चीत बसली, हिरव्या स्टिकरची एक डिस्क जोडली आणि टेस्ट लावली. पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. तळाशी 'पास'. पण अगदी वरच्या ओळीत, 'रीड एरर' समोर, कोटींच्या घरातला आकडा! तिने दुसरी डिस्क लावली. तेच. तिसरी. तेच. तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

काका परतला तेव्हा दुकान गिऱ्हाईकांनी भरलं होतं. तिने पडदा सरळ त्यांच्याकडेच वळवला.

"कोट्यवधी चुका आणि वर हिरवा स्टिकर! काय रे हे, काका?"

"अगं शहाणे, ह्या कंपनीच्या डिस्का तो आकडा तसाच दाखवतात. चुका नसतात त्या. आजवर वाचलेलं सगळं त्यात मोजलेलं असतं. बघायची ती खालची ओळ, पेंडिंगची, म्हणजे वाचताच न येणाऱ्या जागांची. तिथे शून्य हवं."

"वा रे वा! म्हणजे जिथे बरं दिसतं तेवढंच बघायचं? मग मीही प्रगतिपुस्तकात फक्त चित्रकलेचे मार्क दाखवते!"

गिऱ्हाईकं खो खो हसली. काका लालबुंद झाला. "वीतभर पोरगी तू, मला शिकवतेस? अगं, अप्पांचा आवाजसुद्धा असल्याच डिस्कवर ठेवलाय मी!"

अप्पा म्हणजे ठिणगीचे आजोबा. जाण्याआधी त्यांनी सांगितलेल्या आठवणी काकाने रेकॉर्ड केल्या होत्या. दुसरी प्रत काढू, काढू म्हणत दोघा भावांनी ते लांबणीवर टाकलं होतं. अप्पांचा आवाज आता त्या एका डिस्कवरच उरला होता.

बाबांचा चेहरा उतरला. "अप्पांनाही भंगारात ठेवलंस तू?"

"दादा, तू तरी असं बोलू नकोस."

"गिऱ्हाईकांसमोर अब्रू गेली माझी!"

"ती तुझ्या पोरीने घालवली!"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी काकाने किल्ल्या टेबलावर फेकल्या. दारात मात्र तो थबकला. "मला काही नको तुमचं. अप्पांच्या आवाजाची तेवढी प्रत दे."

"देईन," बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले.

त्यानंतर ठिणगी शाळेतून आली की दुकानातच ठाण मांडायची. हिरवे स्टिकर तिने खरवडून खरवडून काढले. टेबलाखाली काकाने बाद केलेल्या डिस्कांचं खोकं होतं. त्यातली एक तिने सहज जोडली आणि उडालीच. रीड एरर चक्क शून्य! पेंडिंगमध्ये फक्त आठ. कोटींपुढे आठ म्हणजे चिल्लर! म्हणजे चांगला माल काका असा लपवून ठेवत होता तर. तिने दातओठ खाल्ले.

अप्पांचं रेकॉर्डिंग तिने त्याच डिस्कवर उतरवलं. सुरुवात लावून पाहिली. अप्पा खाकरले, "हं, चालू झालं का रे?" म्हणाले. तिने समाधानाने बंद केलं आणि ती डिस्क घरी आणून ठेवली.

संध्याकाळी जेवताना आईने विचारलंच, "तुला नक्की कळतं ना गं यातलं? काका इतकी वर्षं करतोय."

"इतकी वर्षं फसवतोय!" ठिणगी ताटावरून उठून उभी राहिली. "दोघंही ऐका. उद्यापासून काकाच्या खुर्चीत मी बसणार. त्याच्या 'पास'वर आता कुणी विसंबायचं नाही. अप्पांना मी चांगल्या डिस्कवर हलवलंय, आणि त्याची ती जुनी डिस्क हातोडीने ठेचून टाकलीय. ठरलं म्हणजे ठरलं!"

बाबांचे डोळे भरून आले. "शाबास गं माझी वाघीण." हात धुऊन ते आतल्या खोलीत गेले. "थांब, आधी काकाची प्रत काढतो. शब्द दिलाय त्याला."

मग आतून त्यांचा आवाज आला. "अगं, हे काही लागत का नाही? नुसतं खिळा ठोकल्यासारखं टक् टक् करतंय."