कडीवरचे डाग

"हिनंच राखेनं घासून वाट लावली," म्हणत मेहेंदळेबाईंनी परदेशी पर्स काउंटरवर ठेवली. पर्सच्या सोनेरी कडीवर हिरवट डाग पडले होते. त्या डागांपायी सकाळीच कामावरून काढलेल्या द्वारकाला त्यांनी दुरुस्तीवाल्यासमोर कबुली द्यायला मुद्दाम आणलं होतं.

इस्माईलभाईंनी भिंगातून कडी पाहिली. "राखेनं ओरखडे उठतात, बाई. हे परफ्यूमचं काम. पर्स खांद्याला असतानाच फवारता ना? त्यानं मुलामा उडतो."

बाई जरा वरमल्या. मग द्वारकाकडे न बघताच म्हणाल्या, "ठीक आहे, उद्यापासून ये कामावर. कडी होईल ना हो पहिल्यासारखी?"

"होईल," इस्माईलभाई म्हणाले.

द्वारकानं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कामाला दुसरी बघा," ती म्हणाली. "तुमच्या घरात पुन्हा पाऊल टाकायची मला लाज वाटते."