पेरलेले खुबे

रुअरीने नववा शिंपला ओल्या वाळूत पालथा घातला आणि टाचेने आपली पावलं पुसली. पालथाच घालायचा. लाट शिंपला पालथा टाकते, उताणा ठेवतो तो माणूस. हे त्याला एफीनेच शिकवलं होतं, लग्नाच्या आधी.

एफी त्याची बायको. बॅरा बेटाच्या शाळेत चाळीस वर्षं बाई होती. वसंतापासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट ओसरत चालली होती. वार गेले. शेजाऱ्यांची नावं गेली. खुबे, म्हणजे हे गोल फुगीर शिंपले, तेवढे राहिले. उभ्या रेघा बघून ती खुब्याची जात सांगे, आडव्या वळ्या मोजून त्याने काढलेले हिवाळे सांगे. म्हणून रुअरी रोज सकाळी तिच्याच जुन्या पत्र्याच्या डब्यातले नऊ शिंपले किनाऱ्यावर पेरी. ती ते वेची, नावं सांगे, दिवस गोड जाई. संध्याकाळी तो टोपली डब्यात उपडी करी. सकाळी झाकण उघडावं तर सगळे शिंपले आपापल्या खणात. या वयातही आपला हात किती नीटनेटका आहे, याचं त्याला मनातून कौतुक वाटे.

आज नर्स शीना स्मरणशक्तीच्या चाचणीचा कागद घेऊन आली होती. उत्तरं आली नाहीत, तर सोमवारच्या विमानाने एफीची ग्लासगोच्या वृद्धाश्रमात रवानगी. विमान याच वाळूवर उतरे. बेटाला दुसरी धावपट्टी नव्हती.

"बाई, आज वार कोणता?" शीनाने विचारलं. तीही एफीच्याच हाताखाली शिकलेली.

"तुझ्या कागदावर वरच लिहिलाय की. शाळेतही तू पुस्तक उघडं ठेवूनच उत्तरं द्यायचीस."

शीनाने फुली मारली. "नातवाचं नाव?"

एफी खिडकीतून समुद्राकडे बघत राहिली. दुसरी फुली.

"जरा पाय मोकळे करू या," रुअरी घाईने म्हणाला. "ओहोटी आहे."

वाळूवर एफीची पाठ सरळ झाली. "भरती आणते, ओहोटी ठेवते, शहाणं माणूस वाकतं," ती पुटपुटली आणि वाकली. "साधा खुबा. चोवीस रेघा, चार हिवाळे." पुढचा. "हाही साधाच, पण पोरगेला. दोनच हिवाळे." शीना लिहीत गेली. रुअरीने मनात आठ मोजले आणि सुटकेचा श्वास सोडला.

नववा शिंपला एफीने तळव्यावर फिरवला. पुन्हा फिरवला.

मग रुअरीला दिसलं. जाडजूड, तांबूस, रेघांवर बोथट काटे. सकाळच्या अंधुक उजेडात त्याचा हात भलत्याच खणात गेला होता. हा शिंपला त्यांनी लग्नानंतरच्या प्रवासात, पार इंग्लंडच्या दक्षिण टोकाला वेचला होता.

"काटेरी खुबा," एफी म्हणाली. "कोमट पाण्यातला. आपल्याकडे जगत नाही."

"मग इथे कसा आला, बाई?"

रुअरी झटकन खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. एफीने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण वारा त्याच्याच दिशेने होता.

"त्याला सांगू नकोस हं. रोज सकाळी पेरून जातो बिचारा. मी झोपलेय असं समजतो."

"तुम्हाला माहीत आहे?"

"माझेच शिंपले मला कळणार नाहीत होय गं? संध्याकाळी सगळे एकत्र ओतून ठेवतो. मग तो घोरायला लागला की मी एकेक खणात लावते."

शीनाने कागदाची घडी घातली, ती खिशात टाकली आणि पेनाला टोपण लावलं. "सोमवारचं राहू दे, बाई."

रुअरी अजून नाडीच बांधत होता. त्याचे बूट रबरी होते, त्यांना नाडी नव्हती.

"राहू देच," एफी म्हणाली. "मी विमानात बसले, तर त्याचा डबा कोण लावणार?"