सहावं मिनिट

सत्तेचाळीस वेळा! मॅडमनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. तो काही बदलला नाही.

कोणी कुठला व्हिडिओ किती वेळा पाहिला, कुठे थांबवला, कुठून मागे नेला, हे सगळं मॅडमना वर्गाच्या अ‍ॅपवर दिसायचं. समीकरणांचा व्हिडिओ बाकीच्यांनी एकदा, फार तर दोनदा पाहिला होता. लाँड्रीवाल्या मावशींनी सत्तेचाळीस वेळा. तोही सबंध नाही. रोज सहाव्या मिनिटाला सुरू आणि सातव्याला बंद.

सहावं मिनिट म्हटल्यावर मॅडम चपापल्या. तिथे काय आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. गणित सोडवताना सात बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले आणि अधिकचे उणे करायचेच राहून गेले. उत्तर भलतंच आलं. "अगं बाई, चुकलंच की माझं!" म्हणत त्या स्वतःच हसत सुटल्या होत्या, मग खोडून पुन्हा सोडवलं होतं. व्हिडिओ परत काढायचा त्यांनी कंटाळा केला, तो आता असा अंगाशी आला.

मावशी पंचेचाळिशीच्या. इस्पितळाच्या लाँड्रीत वीस वर्षं चादरींना इस्त्री करत होत्या. तिथली मुकादमाची जागा रिकामी होणार होती, पण दहावी पास असल्याशिवाय ती मिळणार नव्हती. म्हणून मोठ्या माणसांच्या या दुपारच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. बाकीचे विषय त्या रेटून न्यायच्या. गणिताची वही मात्र कोरी. फळ्याजवळ बोलावलं की त्यांना हमखास खोकला यायचा. गेल्या महिन्यात कुठे घरून गृहपाठाचे फोटो यायला लागले होते. निम्मी गणितं चुकलेली, पानभर खाडाखोड, आणि सगळ्यात जास्त चुका चिन्हांच्या. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

"मीच घोळ घातलाय रे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बिचारी रोज तेच बघतेय आणि तिला काही केल्या उमगत नाहीये."

रविवारी त्यांनी नवऱ्याला आणि मुलाला गच्चीवर पिटाळलं, पंखा बंद केला आणि घामाघूम होऊन व्हिडिओ पुन्हा काढला. पहिल्या वेळी दाराची घंटा वाजली. दुसऱ्या वेळी खडू मोडला. तिसऱ्या वेळी जीभ अडखळली. चौथा मात्र नाव ठेवायला जागा नाही असा झाला. एक खाडाखोड नाही, एक शब्द मागे घेतलेला नाही. जुना व्हिडिओ अ‍ॅपवरून काढून त्यांनी नवा चढवला आणि तेव्हाच त्यांच्या जिवात जीव आला.

मावशींनी नवा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. एकदाच. नंतर त्याला हात लावला नाही.

मॅडम हरखून गेल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना अ‍ॅपवरचा आलेख दाखवला. "बघा, सत्तेचाळीसचा एक झाला! आकडे वाचायला शिका, आकडे!" गृहपाठाचे फोटो मधल्या काळात बंद झाले होते. लाँड्रीत काम वाढलं असेल, असं म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

शुक्रवारी परीक्षेतून नाव काढून घ्यायची शेवटची मुदत होती. दुपारी मॅडम ऑफिसवरून चालल्या होत्या, तर खिडकीपाशी मावशी उभ्या. हातात अर्ज. लाँड्रीतून तशाच आलेल्या, बाह्या अजून वर दुमडलेल्या.

"मावशी, हे काय?"

"नाव काढतेय. मला नाही जमायचं, मॅडम."

"अहो, पण नवीन व्हिडिओ बघितलात ना? तो समजला नाही का?"

"समजला की. सुरेख केलाय तुम्ही. एक चूक नाही त्यात." मावशींनी अर्जाची घडी केली, परत उलगडली. "मॅडम, तो जुना होता ना, तो परत लावता येईल का? तो लावत असाल तर नाही काढत नाव."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. चार वेळा घाम गाळला होता त्यांनी. जरा रागही आला.

"अहो मावशी, जुन्यात तर माझी चूक होती! तुम्हाला तेच अडत होतं ना? म्हणून तर काढून टाकला मी तो."

"अडत कुठं होतं? चूक कुठली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सत्तेचाळीस वेळा काय बघत होतात?"

मावशी ओशाळल्या. आपलं बघणं मोजलं जात होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खिडकीतला कारकून अर्जासाठी हात पुढे करून बसला होता. त्याच्याकडे पाठ करून त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"मी आठ वर्षांची असताना फळ्यावर चुकले होते. मास्तर म्हणाले, हसा रे हिला. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलेच नाही मी. अजूनही हातात पेन घेतलं की ते हसणं ऐकू येतं." त्यांनी पदराने गळ्यावरचा घाम टिपला. "त्या जुन्या व्हिडिओत तुम्ही चुकता, मॅडम. हसता तेही तुम्हीच. आणि मग खोडून परत लिहिता. रोज तेवढं बघायचे आणि मग वही उघडायचे."