कलशावरची नावं

लग्नातल्या पितळी कलशावर नवऱ्याने हौसेने तिचं नाव घालून आणलं होतं: सौ. हेमांगी. संकष्टीच्या पूजेसाठी तिने तो चिंच लावून खसाखसा घासला, धुतला आणि तिचा हात थबकला. तिच्या नावाखालून फिकट अक्षरं वर आली होती: सौ. शलाका.

पहिल्या बायकोबद्दल त्याने काही लपवलं नव्हतं. बिचारी तापाने गेली, म्हणाला होता. तरी हेमांगीला राहवेना. कलश पिशवीत घालून तिने नावं घालणाऱ्याचं दुकान गाठलं.

दुकानदाराने कलश उजेडात धरला. "घाबरू नका, ताई. नाव घालायच्या मशीनचे ठोके धातूला आतपर्यंत बसतात. वरून पॉलिश मारून जुनं नाव पुसलं, तरी आतली दुखावलेली जागा तशीच राहते. चिंचेचा आंबटपणा नेमका तिथे आधी चावतो. जितकं फिकट दिसेल, तितकं नाव जुनं."

तिच्या जिवात जीव आला. घरी येऊन उरलेली चिंच तिने कलशाला चोळली आणि तो पाण्याखाली धरला. शलाकाच्या आडून आणखी एक नाव दिसू लागलं, त्याहून फिकट: सौ. उत्तरा.

उत्तराबद्दल तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

नवरा मागे कधी येऊन उभा राहिला, तिला कळलंच नाही. त्याने मायेने तिच्या कपाळाला हात लावला.

"अंग गरम लागतंय तुझं. पड जरा. कलश मी पॉलिशला टाकून येतो."