शिवलेली चेन

"ही सारखी जॅकेटची चेन वरखाली करते, सवय मोडा," स्वमग्नता केंद्रातल्या बाई म्हणाल्या. आईने ती चेन शिवूनच टाकली. आई शिवणकाम करते, तिचे टाके सहजासहजी निघत नाहीत. आज मी बाईंसमोर तासभर हात मांडीवर ठेवून मुकाट बसले. बाई खुलल्या. "बघा ताई, पोरगी किती सुधारली." मग मला विचारलं, "मी आत्ता काय शिकवलं?" "कुणास ठाऊक," मी म्हटलं, "माझा सगळा जीव हात आवरण्यात गेला." "उलट उत्तरं द्यायला शिकली," बाई आईला म्हणाल्या. मी आईकडे वळले. "कात्री दे." तिने पर्समधून कात्री काढली, पण मला दिली नाही. "टाके मी घातलेत," ती म्हणाली आणि एकेक उसवत गेली. मी चेन सर्रकन वर नेली, खाली आणली. "आता परत शिकवा," मी म्हणाले, "ऐकतेय."