दादाच्या भिंतीतली खाच

"एवढ्या कमी उतारावर कौलं काम द्यायची नाहीत," शेडच्या वाशांकडे बघत मिस्त्री म्हणाला. "पाणी उलटं शिरेल. वरची बाजू आणखी हातभर उचला."

"वर खिडकी आहे," सुतार म्हणाला. "ती झाकायची नाही."

शेड सुताराची, पण ती टेकली होती थोरल्या भावाच्या भिंतीला. खिडकीही त्याचीच. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वाटणीच्या वेळी काडी टाकली ती वहिनीनं, याबद्दल सुताराला तिळमात्र शंका नव्हती. तरी गेल्या वर्षी फाटकाशी दादा पाठमोरा दिसला, तेव्हा सगळा अभिमान गिळून त्यानं हाक मारली होती. दादा वळलासुद्धा नाही. तेव्हापासून सुतारानंही तोंडाला कुलूप लावलं.

"मग कौलावर कौल जास्त चढवू," मिस्त्री म्हणाला. "पण वरची ओळ भिंतीत खाच पाडूनच बसेल. भावाला विचारलंत?"

"पाडा तुम्ही. ओरडला तर बघू."

छिन्नी सुरू झाली आणि सुतार खिडकीकडे बघत राहिला. दादा आता भांडायला उठला, तर शेड राहील बाजूला, कधीतरी बोलू ही उरलीसुरली आशाही जाईल.

उघड्या खिडकीतून दादाचं टक्कल दिसत होतं. खाली ठाक ठाक चालूच. दादानं पेपरचं पान उलटलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचू लागला.

"देवमाणूस आहे हो," मिस्त्री म्हणाला. "माझ्या भावानं एव्हाना शिडी ओढली असती."

सुताराला हसू आलं आणि डोळेही भरले. असल्या माणसाला आपण इतकी वर्षं दगड म्हणत होतो!

खाचेत सिमेंट लिंपून मिस्त्री खाली उतरला. सरळ रांगेत बसलेली कौलं सुतारानं डोळे भरून पाहिली, हात धुतले आणि नऊ वर्षांनी दादाचं दार वाजवलं.

दार वहिनीनं उघडलं.

"दादाचे आभार मानायला आलोय," तो घाईघाईनं म्हणाला. "दुपारभर छिन्नी चालली, पण त्यानं चकार शब्द काढला नाही. फार मोठं मन आहे त्याचं."

वहिनी दारातून बाजूला झाली.

"या आत. छिन्नी मी ऐकली, भाऊजी. ह्यांना तीन वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही."